शब्दचर्चा : तारकाम की जाळीकाम?

प्रश्न : संग्रहालयाच्या सूचीत एकाच धाटणीच्या चांदीच्या पेट्या कुठे 'तारकाम', कुठे 'जाळीकाम' म्हणून नोंदल्या आहेत. शब्द समानार्थी आहेत का? आणि 'रवाकाम' (धातूचे बारीक गोल दाणे जोडून केलेली नक्षी) त्यातच धरायचे का?

उत्तर : समानार्थी नाहीत. जाळीकामात पत्रा कापून चांदी काढून टाकतात, तारकामात चौकटीत तार वळवून भरतात. 'जाळीदार' हे नुसते दिसण्याचे वर्णन, ते दोन्हींना चालेल. दहापट भिंगातून भोकांच्या आतल्या कडा बघा. तिथे करवतीचे ओरखडे असतील आणि जाडी सगळीकडे सारखी असेल, तर जाळीकाम. तारकामात जाड तारेची चौकट आणि आत बारीक तारेचा भराव असतो. भरावासाठी बहुधा दोन तारा एकत्र पिळून चपट्या करतात, त्यामुळे कड दाणेदार दिसते. नोंद करणारा नवखा असला की तीच कड 'रवे' म्हणून लिहितो. घोळ इथलाच आहे.

पुरवणी : ओतीव नक्कलही तपासा. तिच्यात वेटोळ्यांमध्ये फट नसते, तारा एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसतात.

रव्याबद्दल : तारेचे सारख्या लांबीचे तुकडे कोळशावर तापवले की वितळून पृष्ठताणाने गोल होतात, तो रवा. तारकामात डाख (सांधा जोडणारा, चांदीच्या आधी वितळणारा मिश्रधातू) कानसून, भुगा टाकणखारात (बोरॅक्समध्ये) मिसळून सांध्यांवर भुरभुरतात. रव्यांना हे जपूनच, कारण डाख जास्त झाल्यास रवा निम्मा बुडतो आणि त्याचा गोलवा जातो. म्हणून जुनी युक्ती तांब्याच्या क्षाराची : क्षार डिंकात कालवून रवा चिकटवायचा. तापवल्यावर डिंकाचा कोळसा होतो, क्षारातले तांबे सुटे होऊन चांदीत मिसळते. शुद्ध चांदी सुमारे 962 अंश सेल्सिअसला वितळते, तर 28 टक्के तांबे असलेले मिश्रण 779 अंशांना. त्यामुळे फक्त टेकलेली जागा वितळून जुळते. असा सांधा दिसला तरच 'रवाकाम' लिहावे, असे माझे मत.

आणखी एक : 'काळी चांदी' ही नोंद निरुपयोगी. हवेतल्या गंधकाने 'काळवंडलेली' वेगळी, नक्षी उठून दिसावी म्हणून कारागिराने 'काळवलेली' वेगळी. हा फरक नोंदला नाही, तर सफाई करणारा मुद्दामचा काळेपणाही घालवून बसतो. तारकामात तर पॉलिशची भुकटी वेटोळ्यांत अडकते आणि वाळून पांढरी होते. मग ती काढताना तार वाकते.