मदत हवी आहे: शनिवारी देवकुंड, एका दिवसात जाऊन येऊन

सायली_पाऊस
नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी देवकुंड धबधबा करायचाय. पहाटे निघून रात्री घरी. नेटवर शोधून डोकं फिरलं. एक जण म्हणतो दोन तासांची चाल, दुसरा म्हणतो चार. कुणी म्हणतं बंद आहे, कुणी परवाचे म्हणून फोटो टाकलेत. मला एवढंच सांगा: किती वाजता निघू, गाडी कुठे लावू, वाटाड्या लागतो का? दुसऱ्या जागा सुचवू नका, देवकुंडच करायचंय. जरा लवकर सांगा, उद्या गाडी ठरवायची आहे.

घाटमाथ्यावरून
निघणार कुठून ते लिहिलंच नाहीत. पुण्याहून असाल तर मुळशी, ताम्हिणी घाट उतरून भिरा, म्हणजे देवकुंडच्या पायथ्याचं गाव. मुंबईकडून असाल तर कोलाडवरून. दोन्हींचं वेळेचं गणित वेगळं आहे. आणि किती जण? कोणी लहान मूल आहे का?

अंधारबनप्रेमी
देवकुंडपेक्षा अंधारबन करा. ताम्हिणीकडच्या पिंप्री गावाहून सुरू करायचं, हिरडीवरून भिऱ्यालाच उतरायचं, जवळपास १३ किमी. बहुतेक वाट उताराची, वर गर्द झाडी. मी चार वेळा केलंय, दर वेळी नवं वाटतं.

सायली_पाऊस
पुण्याहून. लहान मूल नाही. अंधारबन नको, वर लिहिलंय तसं.

कुंडलिकाकाठ
माझं आजोळ त्याच भागात, म्हणून स्पष्ट लिहितो. ताई, पावसाळ्यात रायगड जिल्हा प्रशासन धोकादायक धबधब्यांवर मनाई आदेश काढतं आणि त्यात देवकुंडचं नाव असतं. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. परवाचे म्हणून जे फोटो फिरतायत ते जुने असतील, नाहीतर चोरवाटेने गेलेल्यांचे. गाडी ठरवण्याआधी पोलीस ठाण्यात एक फोन करा. गावातल्या कुणी ‘या, मी नेतो’ म्हटलं तरी आदेश लागू आहे का ते आधी विचारा.

रानातला_रविवार
हे आदेश म्हणजे प्रशासनाने हात झटकणं आहे. पायवाट नीट करा, दोर लावा, माणसं नेमा. बंदी घातली की गावातल्या पोरांचा हंगाम बुडतो. पिठलं-भाकरी करून देणाऱ्या घरांचाही.

कुंडलिकाकाठ
हंगाम बुडतो हे खरं आहे, माझ्या मामेभावाचाही बुडतो. पण दोर घेऊन प्रेतं वर काढायलाही तीच पोरं जातात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. ती पोहायला उतरली नव्हती. प्रवाहात उभी होती आणि पाणी वाढलं.

घाटमाथ्यावरून
पाणी कसं वाढतं ते सांगतो, कारण मी त्यातून गेलोय. सप्टेंबर होता, तेव्हा वाट चालू होती. जाताना दुसरा ओढा पोटरीभर. परतताना आमच्या डोक्यावर ऊन होतं. मधोमध पोचलो तर पाण्याचा रंग बदलून चहासारखा झाला. मग काटक्या आणि ओली पानं यायला लागली. वाटाड्याने एक शब्द न बोलता माझ्या बॅगेचा पट्टा धरून मला मागे खेचलं. पाचेक मिनिटांत तो ओढा कमरेच्या वर गेला. पाऊस वर घाटमाथ्यावर पडला होता, आम्हाला थेंबही लागला नव्हता. दीड तास काठावर बसून काढला. पाणी गढूळ झालं, काटक्या आल्या किंवा आवाज बदलला, तर ओढ्यात पाऊल टाकायचं नाही, असाल तर जवळच्या काठाला लागायचं.

सह्यसखी
+१. ताम्हिणीचा पाऊस साधा नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत तिथे ५५६ मिमी नोंद झाली होती.

निवांत_भटका
गर्दीही नको आणि पाण्याची भीतीही नको, तर मार्चमध्ये जा. कोणी नसतं.

सह्यसखी
मार्चमध्ये? याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश नोंदले गेले, देशभर बातमी झाली होती. आणि धार तोवर पार बारीक होते. जायचं कशाला मग?

बूटवाला
बुटांचं कोणीच बोललं नाही. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घ्या, ओल्या कातळावर त्यासारखी पकड नाही. महागडे आणलेले माझे दोन मित्र पहिल्याच ओढ्यात बसले.

रानातला_रविवार
शेवाळावर कुठलाच बूट धरत नाही. गावातली माणसं प्लास्टिकचे बूट घालून सरासरा जातात, कारण पाऊल कुठे टाकायचं ते त्यांना कळतं.

बूटवाला
गावातल्या माणसाची सवय शहरातल्या माणसाला कशी लागेल? नवख्याला पकडच वाचवते. आणि जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पुडी ठेवा.

इतिहासवेडा
अवांतर: भिऱ्याला जाताच आहात तर वीजगृहाची गोष्ट माहीत असू द्या. मुळशी धरणाचं पाणी नळांतून खाली आणून १९२७ पासून इथे वीज तयार होते. त्या धरणात बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली मावळ्यांनी मुळशी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. धबधबा बघायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं, याचं वाईट वाटतं.

लाटांवर
आणि त्याच वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. शनिवारी तेच करा की, सगळे खूश होतील.

सायली_पाऊस
राफ्टिंगचं मी विचारलेलं नाही. मला चालीचं नीट सांगा. आणि एक विचारायचं होतं. ६८ वर्षांच्या, रोज फिरणाऱ्या माणसाला जमेल का? गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

घाटमाथ्यावरून
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं! कोण आहेत? गुडघा बदललाय की नुसती दुर्बीण घालून केलंय?

सायली_पाऊस
माझे बाबा. गुडघा बदललाय. आजोबा भिऱ्याच्या वीजगृहात कामाला होते. बाबांचं दहावीपर्यंतचं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं. ते सांगतात, तेव्हा बाहेरचं कोणी देवकुंडला जात नसे. गुराख्यांच्या मागे मागे ही मुलं जायची, आणि कुंडाजवळ गेल्यावर मोठ्याने बोलायचं नाही असं आजीने बजावलेलं होतं. रविवारी त्यांचा वाढदिवस आहे. म्हणून देवकुंडच, आणि म्हणून हाच शनिवार.

सह्यसखी
सायली, वाचून गलबलून आलं. पण याच कारणाने आता घाई करू नकोस गं. चाल एका बाजूने साधारण ६-७ किमी, अडीच ते तीन तास धर. सुरुवातीचा भाग जलाशयाच्या कडेने, जवळजवळ सपाट. मग रान, ओढे, आणि शेवटी दगडांतून चढ. बदललेल्या गुडघ्याला खरा त्रास परत येताना होतो, ओल्या दगडावर उतरताना. माझ्या आईचा गुडघा बदलल्यावर वर्षभराने आम्ही तिला एका सोप्या गडावर नेलं. चढली छान, उतरताना पायरी पायरीला थांबावं लागलं. दोन काठ्या होत्या म्हणून निभावलं.

कुंडलिकाकाठ
नोव्हेंबरच्या मध्याला या. वाट खुली आहे ना ते तेव्हाही विचारून घ्या. पाऊस गेलेला असतो, धार असते, ओढे घोट्यापर्यंत, कातळ सुकलेला. शनिवार-रविवार सोडून, सकाळी सातला चालायला सुरुवात. वाटाड्या घ्याच, वयस्कर माणसासोबत दोन घ्या. कुंडात मात्र तेव्हाही उतरू नका. वरून पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, त्या फेसाळ पाण्यात चांगला पोहणाराही तरंगत नाही, आणि धारेखालचं पाणी माणसाला आत ओढतं.

अंधारबनप्रेमी
बाबांसाठी तर अंधारबन अजिबात नको, उतार लांब आहे. माझा सल्ला मागे घेतो.

सायली_पाऊस
पोलीस ठाण्यात फोन केला. आदेश लागू आहे. संध्याकाळी बाबांना सगळं वाचून दाखवलं. चहासारख्या पाण्याचं ऐकून म्हणाले, “बरोबर लिहिलंय त्याने. आम्ही त्याला लोंढ्याचा रंग म्हणायचो.” नोव्हेंबर चालेल म्हणाले, डॉक्टरांना विचारून. पण शनिवारी भिऱ्याला जायचंच आहे, नुसती वसाहत आणि गाव बघायला. गावात कुणाकडे घरगुती जेवण मिळेल का?

कुंडलिकाकाठ
जेवणाचं मी सांगून ठेवतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा. वसाहतीच्या आत सोडतील असं नाही, फाटकावर आजोबांचं नाव सांगून विचारा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घाटात उतरूच नका, दरडी येतात. आणि पहाटे पाचला पुणं सोडा, दहानंतर ताम्हिणीत गाड्यांची रांग लागते. किती जण आहात ते अजून सांगितलं नाहीत. भाकरी थापायला सांगायच्या आहेत.