कॅनॉल रोडवरची सोनसाखळी चोरी

बी-३०४: काल संध्याकाळी मागच्या गेटजवळ परत साखळी ओढली. या वेळी आपल्या सी विंगच्या काकूंची. मानेला खरचटलंय, घाबरल्यात फार. दुचाकीवर दोघं होते.

ए-१०२: हा फोटो बघा. आज दुपारी हे तिघं गेटपाशी घुटमळत होते. सगळ्या ग्रुपवर फिरवा.

सी-५०१: काकूंनी तक्रार दिली का?

बी-३०४: नाही. म्हणतात, चौकीच्या चकरा कोण मारणार.

डी-२०२ (सेक्रेटरी): ए-१०२, काळजीपोटी टाकलात हे कळतं, पण फोटो आत्ताच डिलीट करा. वॉचमनला विचारलं, ते शेजारच्या सोसायटीत टाक्या धुवायला आले होते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्या अफवाही अशाच मोबाइलवरून फिरत होत्या. संशय आला तर ११२ ला फोन करा, गाडीचा नंबर आणि वेळ सांगा. ग्रुपवर चेहरे नकोत.

आणि काकूंची तक्रार झालीच पाहिजे. नोंद नसेल तर पोलिसांच्या लेखी आपल्या रस्त्यावर काही घडलेलंच नाही, मग गस्त कशाच्या जोरावर मागायची? नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, माहिती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मी उद्या सकाळी काकूंबरोबर जातो.

सी-५०१: मागच्या गेटचा कॅमेरा बघितला का कुणी? डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. आजच कॉपी करून ठेवा. आणि त्यातलं घड्याळ बरोबर आहे का तेही बघा, मागे वीस मिनिटं पुढे होतं.

बी-३०४: कॅमेऱ्यात दिसणार काय? गेटपासून नाल्यापर्यंत मिट्ट अंधार आहे. दिवे कधीपासून बंद आहेत. आपण तिकडचं फिरणंच सोडलं.

डी-२०२ (सेक्रेटरी): तेच तर. रस्ता ओस पडला की चोरांचं फावतं. खांबांचे नंबर टिपून द्या, महापालिकेकडे लेखी तक्रार करतो.

ई-४०३: एक सांगू? आपण फिरणं सोडलं, पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रात्री त्याच रस्त्याने वस्तीत परत जातात. त्यांना कुणी विचारलंय का? माझ्याकडच्या मावशींना ती दुचाकी कुठल्या बोळातून बाहेर पडते ते माहीत आहे. पोलिसांना सांगायला भितात, कारण संशय आधी त्यांच्यावरच येतो.

१९८४ च्या दंगलीत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ ला शांत राहिली. सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि हद्दीतला पोलीस एका बैठकीत बसायचे, आधीपासून ओळखीचे असायचे. प्रश्न वेगळा होता, पण ओळख आधीच हवी, हे इथेही लागू आहे. आपल्या बीट अंमलदारांचं, म्हणजे आपला भाग ज्यांच्याकडे आहे त्या पोलिसांचं, नाव या ग्रुपवर किती जणांना माहीत आहे?

ए-१०२: फोटो काढला. मला नाही माहीत त्यांचं नाव.

डी-२०२ (सेक्रेटरी): रविवारी संध्याकाळी सात वाजता क्लब हाऊसमध्ये बैठक ठेवू. चौकीत उद्याच निमंत्रण देतो. ई-४०३, वस्तीतल्या चार-पाच जणींना तुम्ही घेऊन या.

ई-४०३: सातला त्या कामावर असतात. नऊला ठेवा.

डी-२०२ (सेक्रेटरी): बरं, नऊ. रात्रपाळीच्या वॉचमनलाही बसवू.