मदत हवी आहे : थंडी आणि अवकाळी पावसात उघड्यावरचा मेंढ्यांचा वाडा कसा सांभाळावा? (सिन्नर-निफाड)

कडवाकाठ :

नमस्कार. माझ्या मामांचा मेंढ्यांचा वाडा, म्हणजे कळप आणि सोबतचे बिऱ्हाड, सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातला आहे. दिवाळीनंतर तो निफाडच्या बागायती पट्ट्यात उतरतो, शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानांत खतासाठी बसतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर माघारी फिरतो. मेंढ्या दख्खनी जातीच्या आहेत, सोबत दुधापुरत्या शेळ्या आहेत, आणि नेमक्या याच दिवसांत निम्म्याहून अधिक मेंढ्या वितात. मामा लिहिण्याच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी विचारत आहे.

निफाडची थंडी आपल्याकडे नवी नाही. डिसेंबर 2018 मध्ये तिथला पारा 1.8 अंशांपर्यंत उतरला होता आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवत होते. त्या कोरड्या थंडीत मामांच्या वाड्याचे फारसे बिघडले नाही. उलट डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पारा त्या मानाने बराच वर असतानाही, अवकाळी पाऊस आणि गार वारा एकत्र आल्यामुळे पुणे, नगर आणि नाशिक जिल्ह्यांत शेकडो मेंढ्या एक-दोन रात्रींत दगावल्या. लडाखमध्ये किंवा स्कॉटलंडमध्ये मेंढ्या बर्फात उभ्या राहतात आणि आपल्या मेंढ्या पावसाच्या एका रात्रीत आडव्या होतात, हे कसे, असा मामांचा साधा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला देता आलेले नाही.

बर्फाच्या प्रदेशातले मेंढपाळ हिवाळ्यासाठी जे करतात त्यातले आपल्याला काय घेता येईल, हे जाणकारांनी सांगावे. लोकर कधी कातरावी, आडोसा कशाचा आणि कोणत्या बाजूने करावा, त्या रात्री खायला काय घालावे आणि गारठून लुळे पडलेले कोकरू हाती आले तर आधी काय करावे, या चार गोष्टींवर अडले आहे. एक अडचण आधीच सांगतो. रान दुसऱ्याचे असल्यामुळे पक्के शेड उभारता येत नाही, रात्री मेंढ्या वाघरीच्या जाळ्यात असतात, आणि जे काही करायचे ते बिऱ्हाडाबरोबर घोड्यावर किंवा फार तर भाड्याच्या पिकअपमध्ये मावले पाहिजे. "शेड बांधा" हा सल्ला योग्य असला तरी आमच्या उपयोगाचा नाही.

निवृत्त पशुवैद्य :

मामांनी प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. मेंढीच्या शरीराचे तापमान साधारण 39 ते 39.5 अंश असते आणि ते टिकवण्याचे काम तिची कातडी करत नाही, तर लोकरीत अडकून राहिलेली कोरडी हवा करते. पूर्ण वाढलेली लोकर कोरडी असेल तर शून्याखालची थंडीही मेंढी सहन करते. तीच लोकर आतपर्यंत भिजली किंवा नुकतीच कातरलेली असली, तर दहा-बारा अंशांनाही तिला अंगातली ऊर्जा जाळून ऊब निर्माण करावी लागते, आणि त्यात वारा सुटला की अंगावरचे पाणी वाळताना उरलीसुरली ऊबही घेऊन जाते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि विरळ असते. उन्हातान्हात चालायला ती चांगली, पण तासन्‌तास चाललेला पाऊस तिच्यातून कातडीपर्यंत पोहोचतो.

त्यामुळे कातरणीचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवीन. पावसाळा सरल्यावरची कातरणी दसऱ्याच्या आसपास उरकली, तर डिसेंबरपर्यंत अंगावर थोडी तरी लोकर येते. काही कारणाने ती राहून गेली, तर नोव्हेंबरच्या शेवटी कातरण्यापेक्षा तशीच ठेवावी आणि थंडी ओसरल्यावर कातरावी. कातरणारे आत्ता आले आहेत, पुन्हा मिळणार नाहीत, हे कारण मी नोकरीत असताना अनेक वाड्यांवर ऐकले आहे आणि त्यातली अडचण मला कळते. तरीही गाभण मेंढ्या तरी वगळाव्यात.

दुसरी गोष्ट पोटाची. मेंढीच्या पोटात चारा कुजताना उष्णता तयार होते, आणि कडबा, तुरीचे किंवा हरभऱ्याचे भूस अशा तंतुमय चाऱ्यातून ती सावकाश, रात्रभर मिळत राहते. म्हणून पावसाचा अंदाज असेल त्या संध्याकाळी वैरण भरपूर पडली पाहिजे. पाऊस पाहून घाबरून एकदम मका किंवा ज्वारीचे धान्य ओतणे मात्र टाळावे, कारण सवय नसलेल्या मेंढीला त्याने आम्लता होते आणि थंडीतून वाचलेली मेंढी अपचनाने जाते. धान्य द्यायचेच असेल, तर गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मूठ-मूठ करत वाढवत न्यावे.

उत्तरवारा :

मी गेली काही वर्षे उत्तर स्कॉटलंडमध्ये राहतो आणि शेजारच्या मेंढीपालकाकडे हिवाळ्यात हाताखाली काम करतो, त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगतो. इथे कोरडा बर्फ पडतो तेव्हा मेंढीच्या पाठीवर त्याचा थर तसाच साचून राहतो आणि वितळत नाही. नवख्याला ते दृश्य पाहून कळवळा येतो, पण मालक उलट निर्धास्त असतो, कारण बर्फ वितळत नाही याचा अर्थ अंगातली ऊब लोकरीबाहेर पडत नाही. त्याला धास्ती असते ती हिमवर्षावापेक्षा दोन-तीन अंशांवरच्या तिरक्या पावसाची, म्हणजे तुमच्याकडच्या अवकाळीच्याच भावंडाची.

बर्फाचा खरा धोका निराळा आहे. वादळात मेंढ्या दगडी बांधाच्या आडोशाला जाऊन बसतात, आणि वाऱ्याने वाहून आलेला बर्फ नेमका त्याच आडोशाला साचतो. मेंढ्या त्याखाली गाडल्या जातात. त्यांच्या श्वासाने वर छोटेसे भोक पडते, ते शोधत आणि लांब काठ्या खुपसत माणसे व कुत्री त्यांना बाहेर काढतात, आणि कित्येक दिवसांनी जिवंत निघालेल्या मेंढ्यांच्या हकिकती इथे घरोघरी आहेत. म्हणून जाणता मेंढपाळ वादळ येण्याआधी कळप डोंगरावरून खाली आणतो, वैरण हाताशी ठेवतो आणि बांधाच्या कुशीत कळप बसू देत नाही. 1947 च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये लाखो मेंढ्या गेल्या, कारण बर्फ आठवडेच्या आठवडे हटला नाही आणि वैरण पोहोचवता आली नाही. मंगोलियात 2009-10 च्या हिवाळ्यात 80 लाखांहून अधिक जनावरे मेली. तिथेही आधीचा उन्हाळा कोरडा गेल्याने ती हिवाळ्यात शिरतानाच हडकलेली होती. दिवाळीच्या सुमारास मेंढीच्या कण्यावर हात फिरवून मांस किती आहे ते पाहणे, हे मला कोणत्याही ताडपत्रीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

आडोशाबद्दल एक कामाची गोष्ट. सलग भिंतीवरून वारा उसळी घेतो आणि पलीकडे भोवरे करत खाली येतो. निम्मा वारा अडवणारा आणि निम्मा जाऊ देणारा आडोसा अधिक लांबपर्यंत संरक्षण देतो, साधारण त्याच्या उंचीच्या आठ-दहा पटींपर्यंत. तुमच्याकडे तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड सहज मिळत असेल, तर ताणलेल्या प्लास्टिकपेक्षा तोच चांगला, आणि तो वाऱ्यात फाटून फडफडतही नाही.

कडवाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. पाठीवरच्या बर्फाची गोष्ट मामांना वाचून दाखवली. ती त्यांना लगेच पटली, कारण सकाळी दव पडलेल्या मेंढीच्या लोकरीत बोट घालून ती आतून कोरडी आहे की ओली, हे ते नेहमीच पाहतात.

आता एक उपप्रश्न. निफाडला आम्ही बसतो त्या शिवारात चहूबाजूंनी द्राक्षबागा आहेत. बागेच्या आत वारा लागत नाही, ओळींमध्ये गवतही असते, आणि एका ओळखीच्या बागायतदाराने पावसाच्या रात्री मेंढ्या बागेत घ्यायला हरकत नाही असे स्वतःहून सांगितले आहे. हा आयता आडोसा वापरावा का? आणि कोकरांचे राहिलेच.

निवृत्त पशुवैद्य :

बागायतदाराचा मोठेपणा खरा, पण मेंढ्या बागेच्या आत नेऊ नयेत. द्राक्षावर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारले जाते आणि इतरही ताम्रयुक्त औषधे वापरतात. तांब्याच्या बाबतीत मेंढी हे पाळीव जनावरांतले सर्वांत नाजूक जनावर आहे. गाईला न बाधणारे तांबे मेंढीच्या यकृतात साठत जाते, आठवडेच्या आठवडे काही दिसत नाही, आणि मग थंडीसारखा ताण आला की ते एकदम रक्तात उतरते. डोळे पिवळे पडतात, लघवी तांबडी-काळी होते आणि बहुतेक जनावरे हाती लागत नाहीत. आपण थंडीचा उपाय करायला जाऊन त्याच थंडीत दुसरे कारण पुरवू. बागेच्या बाहेर, वारा अडेल त्या अंगाला, पण फवारा उडून गवतावर पडलेला नसेल इतके अंतर राखून वाघर लावावी.

जागा निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. गार हवा जड असल्यामुळे ती ओढ्याकाठच्या खोलगट रानात उतरून बसते, म्हणून नदीकाठची जागा टाळून थोड्या उताराची निवडावी. शक्य तोवर काळ्या रानाऐवजी मुरमाड जागा घ्यावी, कारण काळ्या चिखलात मेंढी बसत नाही आणि रात्रभर उभी राहून थकते.

आता कोकरू. जन्मतः त्याच्या अंगात विशेष चरबी असते, पण तिच्यावर ते पाचेक तासच निभावते. त्याआधी चीक, म्हणजे व्यायलेल्या मेंढीचे पहिले दाट दूध, पोटात गेलाच पाहिजे. तोंडात बोट घालून पाहा. जीभ गार लागली तर थर्मामीटर लावा. 37 ते 39 च्या दरम्यान असेल तर अंग खसाखसा पुसून कोरडे करा, चीक पाजा आणि ऊब द्या. 37 च्या खाली असेल आणि जन्मून पाच तासांहून अधिक झाले असतील, तर त्याच्या रक्तातली साखरही संपलेली असते. अशा कोकराला थेट शेकोटीजवळ ठेवले तर अंग तापताच झटके येऊन ते मरते. त्याला आधी ग्लुकोजचे इंजेक्शन लागते, जे पोटात द्यायचे असते, म्हणून ते पशुवैद्याकडूनच द्यावे किंवा त्याच्याकडून हातात हात धरून शिकून घ्यावे. मान उचलता येत नसलेल्या कोकराच्या तोंडात दूध कधीही ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

धनगरवाडा :

मी स्वतः मेंढ्या राखतो. डॉक्टरसाहेबांनी सांगितले त्यात एवढीच भर घालतो की, पावसाच्या रात्री कोकरे मोठ्या मेंढ्यांमध्ये ठेवू नयेत. गारठ्याने मेंढ्या एकमेकींवर रेटतात आणि खालची गुदमरतात. 2021 च्या पावसात आमच्या बाजूला मेलेल्या कोकरांपैकी बरीच थंडीने नव्हे, तर चेंगरून गेली होती. आम्ही कोकरे डालग्याखाली, म्हणजे पालथ्या मोठ्या टोपलीखाली, ठेवतो, खाली कोरडे पाचट आणि वर बारदान, त्यावर ताडपत्रीचा तुकडा, आणि वारा येतो त्याच्या पलीकडची डालग्याची बाजू उघडी. ताडपत्री जमिनीपर्यंत चोहीकडून दाबली की आत मुताचा उग्र वास कोंडतो आणि दोन दिवसांत कोकरे खोकू लागतात. मोठ्या कळपातही मध्यरात्री एकदा बॅटरी घेऊन फिरावे, आणि ढीग झाला असेल तर उठवून मोकळा करावा. ज्या मेंढीला दूध नाही तिच्या कोकराला शेळी लावावी, पण पहिला चीक मेंढीचाच, मग तो दुसऱ्या नुकत्याच व्यायलेल्या मेंढीचा का असेना.

कडवाकाठ :

वाऱ्याच्या बाजूने तुराट्यांचा कूड करायचे ठरले आहे. तुराट्या आणि बारदाने ज्यांच्या रानात बसतो त्यांच्याकडेच मिळतील. डालगी आहेत, दोन वाढवू. कातरणी या वर्षी लवकर उरकली आहे, ते एक बरे झाले. शेवटची शंका : नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या अंगावर बारदानाची झूल बांधावी का, की मेंढी वास बदलल्याने त्याला झिडकारते?

निवृत्त पशुवैद्य :

आधी मेंढीला कोकरू पूर्ण चाटू द्यावे आणि ते एकदा पोटभर प्याले की मग झूल बांधावी. तोंड, शेपटीची बाजू आणि नाळ मोकळी राहिली, तर सहसा मेंढी झिडकारत नाही, कारण ती मुख्यतः शेपटीकडचा वास घेते. बारदान भिजले की उतरवावे, ओली झूल नसलेलीच बरी. निघण्याआधी निफाडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा जाऊन या, कोकराला नळीने चीक पाजण्याची रीत मामांच्या घरातल्या कोणालातरी दाखवून घ्या, आणि फिरत्या पथकाचा 1962 हा क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा. दुर्दैवाने जनावरे दगावलीच, तर ती पुरण्याआधी तलाठी आणि पशुवैद्य यांच्याकडून पंचनामा करून घ्या, फोटो काढून ठेवा. वाडा परगावच्या शिवारात असताना याच कागदांसाठी नंतर फार हेलपाटे पडतात.