‘प्रॅक्टिकल गाडी घेणारे मनानं म्हातारे’ म्हणे!

विश्रामबागकर:
साताऱ्याच्या एका गृहस्थांची पोस्ट परवापासून सगळीकडे फिरतेय. चाळिशीत वॅगन आर विकली, तीन दारांची थार घेतली, कास रस्त्यावर बॉनेटला टेकून फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘प्रॅक्टिकल गाडी घेणारे मनानं म्हातारे झालेले असतात. आयुष्य एकदाच मिळतं.’ खाली बदामांचा नुसता पाऊस. गाडीवर माझा राग नाही, गाडी देखणीच आहे. राग आहे तो त्या ‘म्हातारे’वर.

२ ऑक्टोबर २०२० ला ही थार बाजारात आली. त्यानंतर काही दिवसांनी मीही शोरूमला जाऊन आलो, सोबत आई होती. मागं बसायचं तर आधी पुढची सीट पाडायची. मग फटीतून एक पाय आत, डोकं छताला घासतंय, हात कुठल्या तरी पट्ट्याला, आणि त्यानंतर दुसरा पाय ओढून घ्यायचा. आईचा गुडघा बदललेला. तिनं पायरीवर पाय ठेवला, आत डोकावली आणि सेल्समनला विचारलं, “बाळा, बाहेर यायचं दार कुठाय?” तो पोरगा हसला, मी नाही हसलो.

घरात एकच गाडी असेल तर ती घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला चढता आली पाहिजे. दुसरी गाडी दारात असेल तर थार घ्या, रणगाडा घ्या, माझं काही म्हणणं नाही.

आता पैशाचं. दहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, सात वर्षं: महिन्याला १६ हजारांच्या वर हप्ता आणि नुसतं व्याज साडेतीन लाख. शिवाय रस्त्यावर दिसणाऱ्या थारमधल्या किती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेल्या, असतात हो? फोर बाय फोर नसलेल्या डिझेल थारची लांबी ३,९८५ मिलिमीटर, इंजिन १,४९७ सीसीचं, जोर मागच्या दोन चाकांना. का, तर चार मीटर आणि दीड लिटरच्या आत बसवली की छोट्या गाडीचा टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के जीएसटी. म्हणजे सरकारदरबारी ही थार आणि माझी वॅगन आर एकाच रांगेत उभ्या. स्वप्नसुद्धा टॅक्स बघूनच पडतंय की!

यवतेश्वर_घाट:
ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, पाठीमागं कशाला.

पहिली गोष्ट, माझी फोर बाय फोरच आहे, २.२ डिझेल. आरसीचा फोटो टाकू का? दुसरी गोष्ट. आमचे वडील एस.टी.त होते. त्यांना बुलेट घ्यायची होती. आधी आत्याचं लग्न, मग घराचा स्लॅब, मग माझा डिप्लोमा. रिटायर झाल्यावर हातात पैसे आले तेव्हा किक मारायला कंबर राहिली नव्हती. पोवई नाक्यावर बुलेट दिसली की बोलता बोलता वाक्य अर्धंच सोडायचे आणि ती वळून जाईपर्यंत बघत राहायचे. तुमच्या व्याजाच्या हिशोबात याचा रकाना कुठाय, दाखवा.

आणि प्रॅक्टिकलच म्हणता ना? ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२० साली थारला मोठ्यांसाठी ४ तारे, मुलांसाठीही ४. तुमच्या वॅगन आरला २०२३ मध्ये मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी शून्य. आईला चढायला सोपी गाडी घेतलीत. खंबाटकीत धडक बसली तर काय, तेही एकदा आईंना विचारा.

हळदीचा_सौदा:
भांडा भांडा. आमच्याकडं बोलेरो हाय, दोघांनीबी बोलायचं न्हाई.

पण वॅगन आर सीएनजीला प्रॅक्टिकल म्हणणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. मेव्हण्याकडं हाय. कागदावर किलोला ३४ किलोमीटर. डिकी ३४१ लिटरची, तीबी कागदावरच, कारण आत टाकी झोपलेली. लग्नाला जायचं तर बॅगा माणसांच्या मांडीवर आणि आहेराचं पातेलं मेव्हणीच्या डोक्याशी. पंपावर रांगेत उभं राहून गॅस भरायची पाळी आली की प्रेशर न्हाई. वर दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हंजी पाण्याच्या दाबाची तपासणी. एवढं सोसून वाचवायचं काय, तर रांगेत चहा-वडापावला जेवढं जातंय तेवढं.

विश्रामबागकर:
माझी पेट्रोल आहे. सीएनजीचा विषय मी काढलेलाच नाही.

हळदीचा_सौदा:
मी काढला की.

कराडी_गडी:
यवतेश्वर दादा, एक शंका. हंगामात कास पठारावर गाडी खाली लावून बसनंच जावं लागतं. २०१२ ला युनेस्कोच्या यादीत आलंय ते, फुलांत फोर बाय फोर घालायला नव्हे. मग ही चारही चाकं फिरतात कुठं? मोती चौकात? बाकी गाडीचा नंबर ४१४१ असणार, पाटीवर ‘दादा’ दिसतो तो, पैज लावतो.

यवतेश्वर_घाट:
४१४१ च आहे. पैसे भरून घेतलाय, कुणाचं काय गेलं? आणि चारही चाकं बामणोलीकडं फिरतात, पावसाळ्यात. या एकदा. एमएच ५० वाल्यांना घाट चढताना फर्स्ट गिअर टाकावा लागतो असं ऐकून आहे.

मिरजकरीण:
चार बाप्ये भांडतायत, आणि मागं कोण बसतं हे अजून एकानंही विचारलेलं नाही. विश्रामबागकर, तुम्ही ती गाडी घेतली असती तर आई पुढं बसल्या असत्या. फटीतून मागं कोण शिरलं असतं? वहिनीच ना? साडी नेसून? शोरूमला त्यांना नेलं होतंत का?

मी रोज मिरजेहून सांगलीला गाडी घेऊन येते. गांधी चौकापासून पुढं क्लच दाबून दाबून डावा गुडघा बोलायला लागतो. माझं स्वप्न काय, तर ऑटोमॅटिक. घरी म्हटलं तर उत्तर आलं, “गिअर टाकायचा कंटाळा करायला कशाला जास्तीचे पैसे?” पुढच्याच महिन्यात ह्यांनी सनरूफवालं मॉडेल बुक केलं. मिरजेच्या उन्हात सनरूफ! आजवर उघडलं ते एकदाच, पोराला वरात बघायची होती म्हणून. पुरुषाला हवी ती ‘ड्रीम कार’ आणि बाईला हवा तो ‘जास्तीचा खर्च’. तुमचं स्वप्न आणि तुमचं प्रॅक्टिकल, दोन्ही तुमचंच.

विश्रामबागकर:
ताई, मुद्दा बरोबर आहे, पण आमच्या घरात तसं नाही.

मिरजकरीण:
नेलं होतंत का, एवढंच विचारलंय.

गावभागातला:
मला थार घ्यायचं एकच कारण पटतं, ते म्हणजे पूर. ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनीच सांगते. सांगलीत राहणाऱ्यानं गाडी घेताना बाकी काही बघूच नये.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमची गाडी गल्लीत. माणसं काढायची का गाडी, असं झालं, माणसं काढली. पाणी उतरल्यावर परत आलो तर सीटवर चार बोटं गाळ, पुढच्या कप्प्यात पॉलिसीच्या कागदाचा लगदा, स्टिअरिंगला कुणाच्या तरी परड्यातला वेल गुंडाळलेला. चुलतभाऊ म्हणाला, बघू तरी चालू होते का. किल्ली फिरवली. टक्क. एवढाच आवाज. कंपनीच्या माणसानं इंजिनाचा क्लेम नाकारला. वर्षानुवर्षं हप्ते भरले त्याचं हे फळ. चोर आहेत सगळे.

क्लेमवाला:
याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. चोर म्हणण्याआधी ऐकून घ्या. पुरानं झालेलं नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बसतं. पण पाणी भरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला की पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टन अडकतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, आणि कंपनी म्हणते, हे पुरानं नाही, किल्लीनं झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचा छदामही नाही.

राहिली थार. ६५० मिलिमीटर म्हणजे दोन फुटांच्या किंचित वर. गावभागात पाणी किती होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. थार असती तर इतकंच झालं असतं, की जरा महागडी गाडी बुडाली असती.

गावभागातला:
सोपं आहे बोलणं. आमचं घर पाण्यात होतं तेव्हा तुम्ही कुठल्या एसीत बसला होता?

क्लेमवाला:
शामरावनगरात, गच्चीवर, सासऱ्यांना इन्सुलिन कसं मिळवायचं या विवंचनेत. माझीही गाडी खालीच होती. किल्ली फिरवली नाही, एवढाच आपल्यात फरक.

हळदीचा_सौदा:
ओ, जरा सबुरीनं. पुरात गेलेल्याला बोलू नये असं.

गावभागातला:
बोलू द्या. पण आम्ही झिरो डेप घेतलं होतं. जास्तीचे पैसे भरून. मग ते कशासाठी?

क्लेमवाला:
हा गैरसमज मला रोज भेटतो. झिरो डेप म्हणजे पार्ट बदलताना घसारा कापत नाहीत, बस. इंजिनात पाणी गेल्याशी त्याचा काही संबंध नाही. विकताना एजंट हे सांगत नाहीत, ती तक्रार मात्र शंभर टक्के खरी, त्यावर मी तुमच्या बाजूनं.

आणि सगळ्यांसाठी: पाणी चढलेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, धक्का देऊन गिअरमध्ये टाकायची नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली, असं धरतात.

गावभागातला:
आणि ती आयडीव्ही कोण ठरवतं? चार वर्षं झाली की गाडी निम्म्यावर.

क्लेमवाला:
चार वर्षांपुढं ५० टक्के घसारा, बरोबर. हप्ता कमी यावा म्हणून लोक स्वतःच आयडीव्ही आणखी खाली करून घेतात, हेही लिहा.

गावभागातला:
केली होती कमी. एजंटनंच सुचवलं होतं. आता बोला.

विश्रामबागकर:
मंडळी, धागा कुठली गाडी घ्यावी याचा होता.

कराडी_गडी:
काका, तुमचा धागा मघाशीच कृष्णेला मिळाला.

यवतेश्वर_घाट:
क्लेमवाले, एक विचारू? ते इंजिन प्रोटेक्ट नंतर घेता येतं का? सहज विचारतोय.

क्लेमवाला:
पॉलिसी रिन्यू करताना घ्या. गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या देत नाहीत. म्हणजे एवढी स्वप्नातली गाडी, बामणोलीच्या ओढ्यातून घालता, आणि हे घेतलेलंच नाही?

यवतेश्वर_घाट:
साताऱ्यात कुठला पूर? डोंगरावर राहतो आम्ही.

कराडी_गडी:
जिल्ह्यात कराडही येतं म्हटलं. प्रीतिसंगमावर पाणी चढतं तेव्हा साताऱ्याचे लोक थार घेऊन रील काढायला येतात. एकजण घाटाच्या पायऱ्यांपर्यंत नेत होता, आम्हीच ओरडून थांबवला. फोर बाय फोर आहे म्हणत होता. पाण्याला काय ते, फोर बाय फोर काय आणि हातगाडी काय!

मिरजकरीण:
नंबर ४१४१ होता का?

यवतेश्वर_घाट:
मी नव्हतो तो. असो. विश्रामबागकर, ‘मनानं म्हातारे’ काढून ‘मनानं हिशोबनीस’ करतो पोस्टमध्ये. चालेल?

विश्रामबागकर:
पळेल. हिशोबनिसाचे हप्ते तरी वेळेवर जातात. तुमच्या ताऱ्यांचा मुद्दा घेतो, पण त्यावरून थार घ्यावी असं निघत नाही, फार तर वॅगन आर घेऊ नये असं निघतं. टाटा नेक्सॉनला त्याच चाचणीत २०१८ मध्ये ५ तारे मिळाले, पंचला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी ५. दोन्हींना मागं स्वतंत्र दारं आहेत, आई आपल्या पायानं चढते-उतरते. वडिलांच्या बुलेटबद्दल मी काही बोललो नाही आणि बोलणारही नाही. पण त्यांनी जे आधी उरकलं, ते लग्न, तो स्लॅब आणि तुमचा डिप्लोमा, ते त्यांनी म्हातारपणातून केलं असं तुम्हीच म्हणताय, हे एकदा वाचून बघा.

यवतेश्वर_घाट:
वडिलांवर घसरू नका. खबरदार सांगतोय.

विश्रामबागकर:
घसरलो नाही. त्यांची बाजू घेतोय.

यवतेश्वर_घाट:
त्यांची बाजू घ्यायला मी आहे. गाडी आली त्या दिवशी आईला सज्जनगडला घेऊन गेलो. पुढं बसली, पायरी जास्तीची लावून घेतलीय. उतरताना म्हणाली, “ह्यांना आवडली असती.” तुमचे पाच तारे ठेवा तुमच्यापाशी.

मिरजकरीण:
आणि मागं कोण बसलं होतं?

यवतेश्वर_घाट:
बायको. तुम्ही सोडणार नाही ना ताई?

मिरजकरीण:
नाही. आणि विश्रामबागकरांचं उत्तर अजून आलेलं नाही.

बुधगावचा_नवखा:
नमस्कार, सगळं वाचलं. डोकं गरगरलं. वडिलांना डायलिसिससाठी मिरजेला आठवड्यातून दोनदा न्यायचं असतं, बजेट साडेतीन लाख. जुनी वॅगन आर कुणी देतंय का? पेट्रोल, पुरात कधीच न बुडालेली.

क्लेमवाला:
बुडालेली नाही असं सगळेच सांगतील. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते, तिथं कुणी धूत नाही. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा पत्रा बघा, पुढच्या सीटच्या बोल्टांना गंज आहे का बघा. आतून अत्तर मारलेलं असेल तर बघायचीसुद्धा नाही.

हळदीचा_सौदा:
मेव्हणा इकतोय. सीएनजी चालंल का?