नायजेरियात पेट्रोल मुंबईपेक्षा स्वस्त, मग रडगाणं कशाला?

इकेजावासी

नोव्हेंबर 2024 मध्ये पुण्याला भावाशी फोनवर बोलत होतो. म्हटलं, इथे लेगॉसमध्ये पेट्रोलपायी लोकांचे फार हाल चाललेत. तर म्हणतो, "अरे, लिटरला हजार नायरा म्हणजे पन्नासएक रुपये. आम्ही शंभराच्या वर भरतो, आमचं कोण ऐकतं?" फोनवर नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

29 मे 2023 ला बोला टिनुबूंनी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच भाषणात सांगून टाकलं, पेट्रोलचं अनुदान संपलं. तेव्हा लिटरमागे 190 नायरांच्या आसपास पडायचे. दोन-तीन दिवसांत भाव 500 च्या घरात गेला, जुलैत 617 झाला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये लेगॉसला 998. मधल्या मधे जून 2023 मध्ये नायराही बाजारावर सोडला. डॉलरला 460 लागायचे तिथे 2024 च्या अखेरीस 1600 च्या वर लागू लागले. किमान वेतन 30,000 होतं, ते जुलै 2024 मध्ये 70,000 केलं. म्हणजे आधी महिन्याच्या पगारात दीडशे लिटर यायचं, ऑक्टोबर 2024 मध्ये सत्तर. रुपयांत हा पगार तेव्हा पावणेचार हजारही होत नव्हता. बंधुराजांनी त्यात शंभराचं पेट्रोल भरून दाखवावं.

दुसरं म्हणजे इथे पेट्रोल म्हणजे नुसती गाडी नाही, ती घरातली वीज आहे. 2024 मध्ये विजेची राष्ट्रीय ग्रिडच दहाएक वेळा कोसळली. छोट्या जनरेटरला लोक 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात, म्हणजे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा'. संध्याकाळी सात वाजले की गल्लीत ही यंत्रं ओळीने सुरू व्हायची, कानठळ्या बसायच्या. आता गल्ली चिडीचूप. आमच्या खालच्या शिंप्याने कोळशाची इस्त्री काढलीय, शिवण पायाच्या मशीनवर. इंटरलॉकचं काम साठवतो आणि आठवड्यातून एकदा तासभर जनरेटर लावतो.

माझं मत: अनुदान काढलं ते एक वेळ ठीक, पण काढायची ही रीत नव्हे.

हिशेबनीस

असहमत. लेख भावनिक आहे, हिशेब अर्धा आहे.

2022 मध्ये या अनुदानावर चार लाख कोटी नायरांच्या वर खर्च झाला. गेला कुणाच्या खिशात? ज्याच्या दारात दोन गाड्या त्याच्या, आणि तस्करांच्या. शेजारच्या बेनिनमध्ये रस्त्याच्या कडेला काचेच्या बरण्यांत पेट्रोल विकतात, ते नायजेरियाचंच. अनुदान गेल्याबरोबर तिकडचा भाव भडकला. इकडे रोजचा खप सहा कोटी लिटरच्या वर दाखवत होते, तो पाच कोटींच्या खाली आला. एका रात्रीत लोकांनी गाड्या विकल्या का? ते पेट्रोल नायजेरियन माणूस जाळतच नव्हता.

2012 मध्ये संसदेने अनुदान घोटाळ्याची चौकशी केली. त्या समितीचे अध्यक्ष फारूक लवान यांनाच पुढे 2021 मध्ये त्याच चौकशीतल्या लाचेपायी शिक्षा झाली. कुंपणच शेत खातंय तर कुंपण काढलेलंच बरं.

वाळूजकर

अनुदानाच्या वादात पडत नाही. पण नायजेरिया आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. तिथे रिक्षाला 'केके' म्हणतात, आणि पुष्कळशा केके बजाजच्या. बजाज ऑटोची ही सगळ्यात मोठी परदेशी बाजारपेठ होती. नायरा पडला आणि 2023 मध्ये तिकडची निर्यात धाडकन खाली आली. आमच्याकडे वाळूजला बजाजचा कारखाना आहे, तिथे चहाच्या टपरीवर नायरावर चर्चा ऐकलीय, खोटं नाही.

धागाकर्त्याला प्रश्न: केकेवाला टाकी फुल करतो का आता?

इकेजावासी

@वाळूजकर, नाही. सकाळी दोन-तीन लिटर, दुपारी गल्ल्यात काय आलंय ते बघून पुन्हा. भाडं वाढवलं की लोक चालत जातात, नाही वाढवलं तर मालकाचा हप्ता निघत नाही. सकाळी साडेपाचला कामाला पायी निघालेल्यांची रांगच दिसते.

@हिशेबनीस, चोरी होत होती, मान्य. पण चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? 2012 च्या जानेवारीत तेव्हाचे अध्यक्ष गुडलक जोनाथननी भाव 65 वरून 141 केला, देशभर लोक रस्त्यावर आले आणि तो 97 वर आणावा लागला. म्हणजे काय होणार ते माहीत होतं. या वेळी दीड कोटी कुटुंबांना तीन महिने 25,000 नायरा द्यायची घोषणा झाली. जानेवारी 2024 मध्ये संबंधित खात्याच्या मंत्रीणबाईच निलंबित झाल्या आणि योजना थांबली. ऑगस्टमध्ये लोक 'भुकेलो आहोत' म्हणून मोर्चे काढत होते, त्याच महिन्यात अध्यक्षांसाठी नवं विमान आलं.

जुना_खातेदार

आपल्याकडचं उदाहरण देतो. डिझेल जानेवारी 2013 पासून महिन्याला 50 पैशांनी वाढवत नेलं आणि ऑक्टोबर 2014 मध्ये भाव पूर्ण मोकळा केला. कुरकुर झाली, पण कुणाची चूल विझली नाही.

हिशेबनीस

@जुना_खातेदार, आपलं नशीब की ऐन वेळी कच्च्या तेलाचे भाव पडले. आणि 50 पैशांचे लाड करायला आधी तिजोरीत काहीतरी लागतं. 2022 मध्ये नायजेरियाच्या केंद्राचा बहुतेक महसूल कर्ज फेडण्यातच जात होता. हप्त्याहप्त्याने काढलं असतं तर तस्करांना आणखी दोन वर्षं मिळाली असती. विमानाचं समर्थन मी करत नाही, ते निर्लज्जपणाचंच आहे.

ठाण्याची_माई

तुमचं अर्थशास्त्र चालू द्या. बायका घर कसं चालवतात ते कुणी सांगेल का?

इकेजावासी

माई, तुम्ही बरं विचारलंत. टोमॅटो-मिरची इथे वाट्यावर मिळते, आपल्याकडे मासळीचे वाटे लावतात तसे. कोपऱ्यावरच्या बाईने वाट्याचा भाव फार वाढवला नाही, वाटा लहान केला. पूर्वी सहा टोमॅटो, आता तीन, आणि त्यातला एक दबलेला. तांदूळ 'डेरिका'ने मोजतात, म्हणजे टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा. पूर्वी ज्या बायका पोतं घ्यायच्या त्या आता डब्यावर आल्यात, आणि बाई डबा शीग लावून भरते की सपाट, याच्यावर रोज भांडण. उत्तरेत तर 2024 मध्ये गिरणीतून बाजूला काढलेला टाकाऊ तांदूळ, 'अफाफाता', माणसं शिजवून खाऊ लागली. तो पूर्वी माशांना घालायचे.

भिशी मात्र टिकून आहे. इथे 'अजो' म्हणतात. आमच्या ऑफिसातल्या सफाईवाल्या मावशींनी तिच्यातूनच मुलाची फी भरली. आणि या महिन्यात नंबर आधी मिळावा म्हणून दोघींत अबोला आहे.

ठाण्याची_माई

दोघींचंही बरोबर असणार. फीची तारीख काही भिशीला विचारून येत नाही.

हिशेबनीस

माझा मुद्दा तरी कायम आहे. उद्योगपती डांगोटेंची लेगॉसजवळच्या लेक्की इथली रिफायनरी, दिवसाला साडेसहा लाख पिंपांची, सप्टेंबर 2024 पासून पेट्रोल काढू लागलीय. जुन्या कृत्रिम भावात ते त्यांना तिथे विकणं परवडलं असतं का?

इकेजावासी

त्यावर लिहायचं होतं, पण खाली 'अप नेपा!' चा ओरडा झालाय. नेपा हे जुन्या वीज मंडळाचं नाव, ते जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी वीज आली की पोरं असंच ओरडतात. शिंप्याचं इंटरलॉक सुरू झालं. मीही आधी फोन लावतो चार्जिंगला.