‘रिग्रेट’पुढे ‘टू’ की ‘इंग’?

रिसेप्शन_कळंगुट
पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, हे हॉटेलच्या पाहुण्यांना ईमेलने कळवायचंय. ‘वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ लिहू की ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’? शिवाय माफी मागायलाही ‘रिग्रेट’ चालतं का?

फोंडेकर_मास्तर
‘टू इन्फॉर्म’च लिहा. व्याकरणात दोन्ही बसतात, पण अर्थ निराळे. ‘टू’ आलं की वाईट बातमी आता सांगायची असते. ‘इंग’ आलं की गोष्ट घडून गेलेली असते आणि तिचा पस्तावा होत असतो. ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ वाचून पाहुण्याला वाटेल, कळवलं हेच यांचं चुकलं!

आधी वाक्य मनात मराठीत जुळवा. ‘कळवण्यास खेद वाटतो’ यातल्या ‘-ण्यास’ला ‘टू’. ‘स्कूटर घेतल्याचा पस्तावा होतो’ यातल्या ‘-ल्याचा’ला ‘इंग’: ‘आय रिग्रेट बाइंग द स्कूटर’. इथे ‘टू बाय’ चूकच. ‘न केल्याचा’ असेल तर ‘नॉट’ आधी येतं: ‘आय रिग्रेट नॉट बुकिंग अर्लिअर’. ‘टू’पुढे बहुतेक वेळा सांगण्याचीच क्रियापदं येतात: इन्फॉर्म, से, टेल, अनाउन्स.

पणजी_प्रूफ
माफीबद्दल. ‘रिग्रेट’मध्ये खेद आहे, चुकीची कबुली असेलच असं नाही. पावसामुळे बोट बंद, तर ‘वी रिग्रेट द इनकन्व्हीनिअन्स’ पुरे. पण एकच खोली दोघांना दिली गेली, तर ‘वी अपॉलजाइज फॉर द मिस्टेक’ असंच लिहा. तिथे नुसतं ‘रिग्रेट’ लिहिणं म्हणजे अंग काढून घेणं वाटतं, आणि पाहुण्याला ते लगेच कळतं.

‘अपॉलजाइज’ला ‘फॉर’ लागतं, क्रियापद ‘रिग्रेट’ला नाही. ‘वी रिग्रेट फॉर द डिले’ सर्रास दिसतं, ते चूक. ‘वी आर रिग्रेटिंग’ही टाळा. स्पेलिंगमध्ये ‘रिग्रेटेड’ला दोन टी.

रिसेप्शन_कळंगुट
दोघांचेही आभार. पाहुण्यांना ताटकळत बसावं लागलं, तर ‘वी रिग्रेट वेटिंग’?

फोंडेकर_मास्तर
नको, त्याचा अर्थ तुम्हीच थांबलात असा होतो. ‘इंग’ रूपाचा कर्ता वेगळा सांगितला नाही, तर वाक्याचाच कर्ता धरला जातो. कर्ता बदलला की ‘दॅट’ घ्या: ‘वी रिग्रेट दॅट यू हॅड टू वेट’. आणि ढिलाई तुमच्या बाजूने असेल तर पणजीवाल्यांचं ऐका, ‘वी अपॉलजाइज फॉर कीपिंग यू वेटिंग’ लिहा.