मदत हवी आहे: भाच्याच्या हातून कॅनडात अपघात झालाय, डिपोर्ट करतील का?

मंडळी, नांदेडहून लिहितोय. तिकडच्या कायद्यातलं कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा, घरात सगळे लै टेन्शनमध्ये आहेत.

भाचा अर्धापूरचा. शिकायला म्हणून ब्रॅम्प्टनला (टोरंटोजवळ, ऑंटेरियो प्रांतात) गेला, पुढं गुरुद्वाऱ्याकडच्या एका मित्राच्या ओळखीनं ट्रकवर लागला, पीआर (तिकडं कायम राहायची परवानगी) पण मिळाली. सिटिझनशिपचा अर्ज करता येत होता पण इकडचा पासपोर्ट सोडावा लागतो म्हणून दाजी नको म्हणले. मागच्या हिवाळ्यात सिग्नलवर त्याच्या ट्रकची कारला धडक बसली अन् कारमधल्या बाई जागीच गेल्या. दारू प्यायलेला नव्हता, फोनवरही नव्हता. डेंजरस ड्रायव्हिंगची केस लागलीय, जामिनावर आहे, पासपोर्ट जमा. त्या बाईंच्या घरच्यांना चिठ्ठी लिहायची म्हणत होता, वकिलानं सध्या काहीच लिहू नको म्हणून सांगितलं.

आता वकील म्हणतोय गुन्हा कबूल कर, वर्षभराची शिक्षा होईल, त्याच्याही आधी सुटशील. पण सुटल्यावर पीआरचं काय हे विचारलं की ते माझं काम नाही म्हणतो. ताई रात्री फोन चार्जिंगला लावूनच उशाशी घेऊन बसते, तिकडं तेव्हा सकाळ असते, फोन लागला तरी दोघं नुस्ते एकमेकाकडं बघत राहायलेत.

धसका कामून घेतलाय तर 2018 ची कॅनडातल्याच सस्कॅचवान प्रांतातली केस. ज्युनियर हॉकी टीमच्या बसपुढं ट्रक आला, 16 जण गेले. ड्रायव्हर पंजाबी, पीआरवाला, नशेत नव्हता पण स्टॉप साईनला थांबला नाही. त्यानं गुन्हा कबूल केला, 8 वर्षं शिक्षा झाली, अन् मे 2024 मध्ये डिपोर्टची ऑर्डर निघाली.

माझं मत विचाराल तर, इथं कुणी परदेशी माणूस खून करताना नाहीतर ड्रग्ज विकताना सापडला तर मीच म्हणेन शिक्षा भोगू द्या अन् पाठवा परत. त्यात दुमत नाही. आमचे एक पाहुणे म्हणले जीव तर गेलाच ना मग फरक काय. फरक आहे ओ. मुद्दाम केलेलं अन् हातून घडलेलं एकाच तराजूत कसं घालायचं? जेल भोगायला पोरगं तयार आहे, भोगलीच पाहिजे, एका घरातलं माणूस गेलंय. पण त्यावर परत देशाबाहेर, ही दुसरी शिक्षा मला पटत नाही.

प्रतिसाद (मूळ परभणी, सध्या टोरंटो): दादा, सही करायच्या आधी थांबवा त्याला. पीआरवाल्याला दोन गोष्टींमुळं बाहेर काढता येतं: ज्या गुन्ह्याला कायद्यात 10 वर्षं किंवा जास्त शिक्षा लिहिलीय असा गुन्हा सिद्ध झाला, किंवा प्रत्यक्ष 6 महिन्यांच्या वर जेल झाली. डेंजरस ड्रायव्हिंगच्या कलमात जीव गेला असेल तर जन्मठेपेपर्यंत लिहिलंय, म्हणजे पहिल्यातच बसतो. पण 6 महिन्यांच्या आत शिक्षा झाली तर डिपोर्टच्या ऑर्डरवर अपील करता येतं, तिथं घर, नोकरी, पश्चात्ताप सगळं बघतात. 6 महिने भरले की ते अपीलच जातं. 2013 पर्यंत ही मर्यादा 2 वर्षं होती. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच फाम केसमध्ये सांगितलंय की शिक्षा ठरवताना जज इमिग्रेशनचा परिणाम बघू शकतो, फक्त शिक्षा गुन्ह्याला शोभेल अशीच पाहिजे. अजून एक, ऑंटेरियोत केअरलेस ड्रायव्हिंग हा देशाच्या नाही तर प्रांताच्या कायद्यातला गुन्हा आहे, त्यावर पीआर जात नाही. सरकारी वकील डेंजरस सोडून त्यावर यायला तयार आहे का हे विचारायलाच लावा. अन् कन्सल्टंट नको, इमिग्रेशनचा वकीलच गाठा, लॉ सोसायटीच्या (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) वेबसाइटवर नाव तपासता येतं.

धागाकर्ता: टोरंटोच्या ताई, लै उपकार झाले. केअरलेसचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आज रात्रीच त्याला म्हणतो की इमिग्रेशनवाल्याचं लेखी मत हातात आल्याशिवाय हो म्हणू नको. ब्रॅम्प्टनकडं असा कुणी भरवशाचा वकील माहितीय का? फी किती घेतात तेपण सांगा, केळीचे पैसे यायचेत, त्या हिशोबानं जुळवाजुळव करावी लागेल.